फिल्टरमधला चेहरा आणि पोरांच्या मनाचा घोर

मसुरे : आंगणेवाडीची जत्रा असो की घरचा गणपती, सेल्फी स्टेटसला जाण्याआधी फिल्टरमधून जातो. रंग उजळतो, गाल बारीक होतात. मग आरशातलं तोंड पोरांना खटकायला लागतं. त्यात 'काळी', 'जाडी', 'काटकुळा' हे घरचंच चिडवणं.

शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याचं कंपनीच्याच कागदपत्रांतून २०२१ मध्ये बाहेर आलं. नॉर्वेत जुलै २०२२ पासून जाहिरातीत अंग, त्वचा बदललेल्या फोटोवर तशी खूण सक्तीची आहे.

कायद्याची वाट न बघता शाळा-कॉलेजात पोरांना बिनफिल्टर फोटोमालिका करता येईल. लावणीच्या चिखलात भेगाळलेले आईचे पाय, आजीच्या सुरकुत्या, स्वतःचे हात. चेहरा दिसायलाच हवा असं नाही. मात्र ज्याचा फोटो त्याची परवानगी हवी, लहानांसाठी पालकांचीही. फोटो शाळेच्या भिंतीवर लावावेत, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. तिथे एक टवाळ कमेंट पोराला महिनाभर पुरते.

पोर जेवण टाळत असेल, गप्प गप्प असेल तर ओरडू नये, ऐकून घ्यावं. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.