खाडीकाठचे वारकरी

मंडळी, सनीव्हेलला बर्फ पडत नाही. त्यामुळे मिशिगन-मिनेसोटाकडची आपली स्नेही मंडळी 'तुम्हाला हिवाळा म्हणजे काय ते कळायचं नाही' असे आम्हाला दरवर्षी फोनवर ऐकवतात. आमचे म्हणणे असे की आमच्याकडचा हिवाळा पंखांवरून येतो. ऑक्टोबर लागला की अलास्का-कॅनडाकडून बदकांचे थवे उतरू लागतात आणि मार्चपर्यंत खाडीकाठ नुसता गजबजलेला असतो. आणि यांची पंढरी कुठे, तर गावाच्या सांडपाण्याच्या तळ्यांवर!

बोरेगस अव्हेन्यूने उत्तरेला जात राहिले की शेवटी सनीव्हेलचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र लागते. १९५६ पासून ते चालू आहे. त्याला लागून सुमारे ४४० एकरांची तळी आहेत. इथली योजना आमच्यासारख्या इंजिनिअरला मोह पाडणारी आहे. उन्हात शेवाळ वाढते, ते पाण्यात प्राणवायू सोडते, त्या प्राणवायूवर जिवाणू जगतात आणि उरलेली घाण पचवून टाकतात. पुढे पाणी गाळून, निर्जंतुक करून खाडीत सोडतात. मधल्या मधे या हिरव्या सुपावर पक्ष्यांची पंगत बसते. वास येतो का, हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न. वारा उलटा असला तर येतो थोडासा. दहा मिनिटांत नाक सरावते!

गेल्या हिवाळ्यात आमचे सासरे इकडे आले होते. मूळचे निफाडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. भारतातून येणाऱ्या वडीलधाऱ्यांचे इथे काय होते ते आपल्या घरोघरी ठाऊक आहे. आम्ही दोघे कामावर, मुले शाळेत, गाडी चालवायची सोय नाही, आणि संध्याकाळी नातीशी बोलायला बसावे तर तिसऱ्या वाक्याला दोघांचेही शब्द संपतात. एका रविवारी आम्ही सगळ्यांना या तळ्यांवर घेऊन गेलो. आजोबांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि म्हणाले, "अहो जावईबापू, हा तर आपला थापट्या!"

"आजोबा, तो नॉर्दर्न शॉव्हलर आहे," आमची कन्या.

दोघेही बरोबर होते, बरं का! फावड्यासारख्या चपट्या चोचीचे हे बदक सैबेरिया-मध्य आशियाकडून नांदूर मध्यमेश्वरला आणि उजनीच्या जलाशयावर उतरते, आणि अलास्का-कॅनडाकडून आमच्याकडे. जात तीच. अणकुचीदार शेपटीच्या तलवार बदकाचेही तसेच. थापट्यांचा घोळका एकामागे एक गोल गोल फिरतो, पाणी ढवळतो आणि चोचीच्या कडेच्या चाळणीतून बारीक जीव गाळून खातो. आजोबांनी हे नांदूरच्या पाण्यावर वर्षानुवर्षे पाहिलेले. ते सांगत होते आणि कन्या ऐकत होती.

इतर काही पक्षी सख्खे नसले तरी चुलत आहेत. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, वर वळलेल्या चोचीचा उचाट्या यांचे अमेरिकन भाऊबंद इथे सहज दिसतात. आणि वारकरी! आपल्याकडचा वारकरी काळा, कपाळावर पांढरा पट्टा, गंध लावल्यासारखा. इथला अमेरिकन कूट तसाच काळा, फक्त पांढरेपण मुख्यतः चोचीवर. कन्येने वहीत दोन रकाने आखले, एकात इंग्रजी नाव, दुसऱ्यात मराठी. आजोबांनी मग मारुती चितमपल्लींच्या 'पक्षीकोशा'ची आठवण काढली. छत्तीस वर्षे वनखात्यात राहून त्यांनी अशी नावे गोळा केली. हे पुस्तक आता आमच्या मागवायच्या यादीत पहिले आहे.

पण ही सगळी जागा आपोआप राहिलेली नाही, हेही मुलांना सांगायला हवे. दक्षिण खाडीचा हा काठ म्हणजे दीडशे वर्षांची मिठागरे. १९६० च्या दशकात इथल्या सामान्य रहिवाशांनी खाडी बुजवायला विरोध केला, काँग्रेसमन डॉन एडवर्ड्स यांनी तो वॉशिंग्टनपर्यंत नेला, आणि १९७२ साली कायदा होऊन इथे अभयारण्य झाले. २००३ साली १५,१०० एकर मिठागरे सरकारने विकत घेतली. आता बांध फोडून भरतीचे पाणी आत घेतात आणि दलदल पुन्हा उभी करतात.

इथे खरी मेख आहे. दलदल परतली तर रिजवेज रेल हा पाणकोंबडीच्या कुळातला दुर्मिळ पक्षी आणि इथला चिमुकला उंदीर वाचतात, परंतु उघड्या तळ्यांवर जगणाऱ्या बदकांची आणि शेकाट्यांची जागा जाते. म्हणून निदान ५० टक्के तळी भरतीला मोकळी करायची, आणि पक्ष्यांचे काय होते ते मोजत मोजत फार तर ९० टक्क्यांपर्यंत जायचे, असे ठरले आहे. म्हणजे पुढचा निर्णय मोजणीवर अवलंबून.

मुंबईकरांना मिठागरे नवी नाहीत. ठाणे खाडीचे रोहित पक्षी अभयारण्य २०१५ साली झाले, पण २०२४ साली मुलुंड-भांडुप-कांजूरकडची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचे ठरले. माणसालाही घर हवे, हे खरेच. तरी तिथले पक्षी कोणी मोजले असतील तरच त्यांची बाजू कागदावर येईल.

तेव्हा आमची विनंती एवढीच. १४ डिसेंबर ते ५ जानेवारीच्या दरम्यान ख्रिसमस बर्ड काउंट असतो, १९०० सालापासून चालत आलेला. आपल्या भागात सांता क्लारा व्हॅली बर्ड अलायन्सकडे चौकशी करावी. नवख्यांना जाणत्यांबरोबर जाता येते. एरवी जायचे तर भरतीची वेळ पाहून निघा, कारण ओहोटीला चिखलावर पांगलेले लहान पक्षी भरतीला तळ्यांच्या बांधांवर गोळा होतात. वाट खुली आहे ना, तेही आधी विचारा. कानटोपी विसरू नका, खाडीवरचा वारा झोंबतो.

आणि वडीलधारी मंडळी आली असतील तर त्यांना अवश्य न्या. भारतातही जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. यंदा आजोबा नांदूरला मोजायला जाणार आहेत आणि नात सनीव्हेलला. थापट्या कुणाकडे जास्त, यावर दोघांची पैज लागली आहे.