वजनाचा काटा आणि दुखरा गुडघा

सातारा आणि सांगली हा कुस्तीचा मुलूख. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक होय. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीत झाली आणि तो किताब सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने पटकावला. या परंपरेचा अभिमान रास्तच आहे. मात्र जी विद्या एके काळी खुराकावरून ओळखली जाई, तिच्यात आता उपासानेही शिरकाव केला आहे, आणि त्याची झळ सर्वांत आधी किशोरवयीन मुलामुलींना लागते.

मातीच्या कुस्तीत जोड अंदाजाने लागे आणि दूध, तूप, बदामाची थंडाई हे पैलवानाचे भांडवल असे. मॅटवर वजनी गट आले. शालेय स्पर्धांतही १४, १७ व १९ वर्षांखालील मुलांसाठी असे गट असतात. बरोबरीच्या वजनाच्या मुलांतच लढत व्हावी, हा त्यांचा न्याय्य हेतू. परंतु खालच्या गटात उतरल्यास प्रतिस्पर्धी हलका मिळेल, हा मोहही त्यातूनच जन्मला. मग जेवण टाळणे, पाणी तोडणे, जाड कपडे घालून घाम गाळणे आणि काटा होताच पोट फुटेस्तोवर खाणे, हे चक्र सुरू होते.

त्यात जुने दुखणे आले की प्रश्न अधिक बिकट होतो. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र जुनाट मानते. गुडघा किंवा कंबर धरलेल्या मुलाचा सराव थांबतो. वजन वाढेल या धास्तीने ते अन्न तोडते. वस्तुतः झीज भरून येण्यास त्या वेळी पोषणाची विशेष गरज असते. अन्नाअभावी दुखापत रेंगाळते, उपाशीपोटी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडते, भूक आणखी मरते. मुलींच्या बाबतीत पाळी थांबते व हाडे ठिसूळ होतात. दुखण्याने उपास आणि उपासाने दुखणे वाढत राहते.

मोठ्या खेळाडूंचीही यातून सुटका नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये विनेश फोगटच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. ती मैदानाबाहेर असताना ५३ किलो गटातील ऑलिंपिकची जागा अंतिम पंघालने देशासाठी मिळविली. परतल्यावर विनेश ५० किलोत उतरली. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅम जादा भरल्याने ती अपात्र ठरली. तज्ज्ञांचा ताफा दिमतीला असताना जे साधले नाही, ते तालमीतील पंधरा वर्षांच्या पोराने एकट्याने साधावे, अशी अपेक्षा आपण करतो.

याचे मूळ केवळ हौसेत नाही, अर्थकारणात आहे. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. माण, खटाव, जत, आटपाडीच्या कोरडवाहू घराला पदक ही नोकरीची वाट वाटली, तर त्यात नवल नाही. मात्र पदकाच्या लाभात शाळा, तालीम आणि गाव असे सारेच वाटेकरी असतात. किंमत एकटे मूल मोजते. दुखणे सांगितले तर निवडीतून नाव जाईल, म्हणून ते मुकाट्याने सोसते.

उपाय महागडे नाहीत. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत वजन घटविताना तीन महाविद्यालयीन मल्ल महिनाभराच्या आसपासच्या काळात मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे प्रत्येक मल्लाचे किमान वजन हंगामापूर्वी ठरविण्याचे नियम आले. आपल्याकडेही शालेय खेळाडूचा गट वर्षारंभी डॉक्टरांनी ठरवावा, त्याखाली उतरण्यास मनाई असावी. दुखापतीमुळे बाहेर राहिलेल्या मुलाची जागा काही काळ राखून ठेवावी, म्हणजे दुखणे लपविण्याचे कारणच उरणार नाही.

तोवर पहिली जबाबदारी शिक्षकांवर येते. भरलेला डबा तसाच परत नेणारा, जिना चढताना कठडा धरणारा विद्यार्थी वर्गात रोज डोळ्यांसमोर असतो. त्याला पदकाविषयी विचारणारे पुष्कळ आहेत. तो आज जेवला का आणि त्याचा गुडघा कसा आहे, हे विचारणारे कोणी तरी हवे.