बिल्ला एकच, स्वभाव दोन : जुनी ‘जीटी’ पोलो घ्यावी तर कोणती?

पिंपळवंडी (ता. जुन्नर) : चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगनची पोलो २०२२ मध्ये भारतीय बाजारातून निवृत्त झाली. नवी मिळत नाही म्हणून तिचे आकर्षण मात्र ओसरलेले नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही तिला, विशेषतः ‘जीटी’ असा बिल्ला मिरविणाऱ्या पोलोला, चांगली मागणी आहे. हा बिल्ला दोन अगदी वेगळ्या गाड्यांवर लावला गेला होता. खरी पंचाईत तेथूनच सुरू होते.

पहिली ‘जीटी टीएसआय’ एप्रिल २०१३ मध्ये आली. १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि सात गिअरचा स्वयंचलित ‘डीएसजी’ गिअरबॉक्स. दिल्लीतील शोरूम किंमत होती ७ लाख ९९ हजार. त्याच वर्षी सप्टेंबरात १.६ लिटर डिझेल इंजिनाची आणि हाताने गिअर टाकण्याची ‘जीटी टीडीआय’ दाखल झाली. पुढे २०१४ मध्ये तिच्यात १.५ लिटरचे इंजिन बसले. दोघींची कमाल शक्ती कागदावर सारखीच, १०५ अश्वशक्ती. फरक होता तो टॉर्कमध्ये, म्हणजे चाक फिरविण्याच्या जोरात. पेट्रोल गाडीचा जोर १७५ न्यूटन मीटर, तर डिझेलचा तब्बल २५०.

हा फरक आकड्यांत राहत नाही, रस्त्यावर उतरतो. पिंपळवंडी हे पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या दरम्यानचे गाव. येथून चाकणची औद्योगिक वसाहत पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. रोज कामासाठी तेथे ये-जा करणाऱ्याला एकाच प्रवासात दोन प्रकारचे रस्ते भेटतात. खेड घाट आणि नारायणगावची बाह्यवळणे झाल्यापासून महामार्गाचा बराच भाग मोकळा झाला आहे. मात्र गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि वर्षभर भाजीपाल्याचे टेम्पो यांना ओलांडतच पुढे जावे लागते. अशा वेळी चार माणसे बसलेली डिझेल पोलो गिअर न बदलता पुढे झेपावते. पेट्रोलचा गिअरबॉक्सही चपळ आहे. शून्यापासून शंभरच्या वेगाला ९.७ सेकंदांत पोहोचण्याचा कंपनीचा दावा होता आणि मोकळ्या रस्त्यावर त्या गाडीची मजा काही औरच. मग चाकणचा तळेगाव चौक येतो आणि मजा संपते.

या चौकातील कोंडीत गाडी दर मिनिटाला चार हात सरकते. डिझेल गाडी येथे चालकाला दमविते. इंजिनाचे फेरे कमी असताना तिचा टर्बो झोपलेला असतो, त्यामुळे क्लच आणि पहिला-दुसरा गिअर यांच्याशी सतत झटापट करावी लागते. पेट्रोल गाडीत चालक निवांत बसतो, पण सोसावे लागते ते गिअरबॉक्सला. या सात गिअरच्या ‘डीएसजी’त दोन क्लच असतात आणि ते कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले असतात. सरपटत्या वाहतुकीत ते अर्धवट घासत राहतात आणि तापतात. याच जातीच्या गिअरबॉक्सच्या तक्रारींवरून २०१३ मध्ये चीनमध्ये कंपनीला ३ लाख ८४ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. प्रत्येक गाडी बिघडतेच असे नाही. पण वॉरंटी संपलेल्या गाडीत गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारा ‘मेकाट्रॉनिक’ भाग गेला, तर खर्च लाखाच्या घरात जातो. एखाद्या कुटुंबासाठी ही टोमॅटोच्या एका तोड्याची कमाई ठरू शकते.

आता इंधनाचा हिशेब. महिन्याला २,७५० किलोमीटर धाव धरू. पेट्रोल गाडी लिटरला १४ आणि डिझेल १८ किलोमीटर देते असे मानले आणि पेट्रोल १०४, डिझेल साडेनव्वद रुपये असा २०२४ मधील पुण्याच्या आसपासचा दर घेतला, तर पेट्रोलला सुमारे २०,४०० आणि डिझेलला १३,८०० रुपये लागतात. महिन्याकाठी साडेसहा हजारांची ही तफावत रोज ये-जा करणाऱ्याला सोडून देण्याजोगी नाही. हीच गाडी पुण्यात महिन्याला ६०० किलोमीटर फिरणार असेल, तर फरक दीड हजारांच्या आत येतो आणि डिझेलचा आग्रह उरत नाही.

पेट्रोलच्या बाबतीत आणखी एक मुद्दा नव्याने उपस्थित झाला आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. २०१३-१४ च्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार अशा जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज सहा ते सात टक्क्यांनी घटू शकते. ज्या पट्ट्यात शिवारोशिवार ऊस उभा आहे, तेथील मोटारचालकाने इथेनॉलवर नाराज व्हावे, हाही एक योगच!

डिझेल गाडीही निष्कलंक नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा जागतिक डिझेल प्रदूषण घोटाळा उघड झाला. त्यानंतर भारतातही ‘ईए १८९’ जातीच्या इंजिनांच्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याची घोषणा डिसेंबर २०१५ मध्ये झाली. त्या काळातील टीडीआय पोलो याच इंजिनाच्या कुळातील होत.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र दोघींत फार डावे-उजवे करण्याचे कारण नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०१४ च्या चाचणीत दोन एअरबॅगच्या पोलोला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी चार तारे मिळाले होते आणि जीटीच्या दोन्ही प्रकारांत एअरबॅग होत्या. जमिनीपासूनची उंचीही शहरी बेताचीच. महामार्ग सोडून मळ्याच्या कच्च्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही सारख्याच जपून चालवाव्या लागतात.

तेव्हा पिंपळवंडीहून रोज चाकण गाठणाऱ्याने टीडीआयच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वयंचलित गिअरच हवे असतील, तर १.२ लिटरच्या मोहात पडण्यापेक्षा थोडी जास्त किंमत मोजून २०२० नंतरची एक लिटरची जीटी टीएसआय पाहावी. तिच्यात कोरड्या क्लचचा ‘डीएसजी’ नाही, त्याऐवजी टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा साधा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. टीडीआय ठरलीच, तर विसार देण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. २०१५ च्या मोहिमेतील दुरुस्ती झाल्याची नोंद सर्व्हिसच्या कागदांत आहे का, हे पाहावे. दुसरे, नोंदणीची तारीख. राज्यात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेल्या गाडीची मुदत २०२८ मध्येच संपणार. पुढे फेरतपासणी आणि पर्यावरण कर आलाच, तो आजच्या सौद्यातून वळता करून घ्यावा.