चूल गाडीत, गाडी बोटीत

माझी भाची ग्लासगोला असते. मागे तिचा फोन आला, की आम्ही झोपायची-स्वैपाकाची सोय असलेली व्हॅन घेऊन ओबान बंदरातून बोटीत चढलो आणि पाचेक तासांनी बारा नावाच्या बेटावर उतरलो. गाडीची लांबी किती, हे तिकीट काढतानाच सांगावं लागतं, उन्हाळ्यात जागा फार आधी धरून ठेवावी लागते, आणि वारा वाढला की बोट सरळ रद्द. त्या बेटावर विमान म्हणे समुद्राच्या वाळूवरच उतरतं, म्हणून विमानाचं वेळापत्रक भरती-ओहोटी बघून ठरवतात. हे सगळं मी आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगत होते. त्या शेंगा फोडत म्हणाल्या, "हे बारावं झालं, मग बाकीची अकरा कुठं हायती?"

हसू ओसरल्यावर मात्र त्या हळूच म्हणाल्या, "मी काय समुद्र बघितला नाही बाई अजून."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनं असं म्हटल्यावर जिवाला लागतंच. पण मैत्रिणींनो, अडचण पैशाची नव्हती, छपराची होती. आत्याबाईंचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हापासून त्या स्लॅबखाली झोपत नाहीत. औशाच्या घरी पत्र्याच्या ओसरीत झोपतात, थंडी असो की पाऊस. लग्नकार्याला गेलं तरी मांडवात. लॉजमध्ये दुसऱ्या मजल्यावरची खोली घेऊन त्यांना तीन रात्री तिथं ठेवायचं म्हणजे त्यांनी तीन रात्री बसून काढायच्या. म्हणून कोकण आजवर राहिलं.

भाचीच्या व्हॅननं ही गाठ सोडवली. आपल्या सरकारनंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, पण आम्हाला तेवढं काही नको होतं. धाकट्या भावजींकडे क्रूझर आहे. मागच्या समोरासमोरच्या सीट काढल्या, फळ्या टाकल्या, वर गादी आणि सतरंजी. फळ्यांखाली डबे, पाण्याचे कॅन, छोटी शेगडी. खिडक्यांना जुन्या नऊवारीचे पडदे शिवले. आत्याबाई आणि मी गाडीत झोपणार, पुरुष बाहेर सतरंजीवर.

आता माझी अडचण ऐका. गाडीत चूल आली की बाईची सुटी संपली. घरी निदान ओटा तरी असतो, इथं वाकून सगळं. मी निघायच्या आधीच एक कागद लिहिला आणि तो कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला: सकाळचा चहा भावजी करतील, दुपारी घरगुती खानावळीत जेवायचं, रात्रीची आमटी-भात हे करतील, भांडी दोघं मिळून. ह्यांनी दोन दिवस त्या कागदाकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "येसर कसं करतात गं?" तेव्हा कळलं, वाचलाय.

येसर मात्र प्रवासाला न्यावंच. भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाल्यासकटचं पीठ, उकळत्या पाण्यात पडलं की आमटी तयार. ह्यांनी पहिल्या रात्री ते कोरडंच उकळीत टाकलं आणि गुठळ्याच गुठळ्या. आधी वाटीभर गार पाण्यात कालवून मग ओतायचं. धपाटे दोन दिवस टिकतात, दुधात मळलेल्या दशम्या तीन दिवस, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढचे सगळे दिवस. दही-ताकाच्या भानगडीत पडू नका. शेगडी गाडीत पेटवायची नाही, खाली उतरवून मोकळ्यावर, वाऱ्याला आडोसा करून. बोटीवर तर मुळीच नाही.

वाटेबद्दल एक सांगते, कारण आमचा त्यात पाऊण तास गेला. लातूरहून बार्शीकडे जाताना आपलं मुरूड लागतं. जंजिऱ्याजवळचं मुरूड रायगड जिल्ह्यातलं. आणि तिसरं मुरूड दापोलीजवळ, हर्णैच्या शेजारी, महर्षी कर्वे जिथं वाढले ते. इंदापूरही दोन, एक टेंभुर्णीच्या पुढचं आणि एक माणगावजवळचं. फोनवर नुसतं गावाचं नाव टाकलं की तो कुठंही नेतो. तालुक्यासकट लिहा.

आम्ही २३ जानेवारी २०२४ ला पहाटे निघालो. पुण्यावरून ताम्हिणी घाटानं उतरून रात्री माणगावला मुक्काम. मुक्कामाचं गणित असं, की जिथं घरगुती निवास आहे तिथं विचारायचं, अंगणात गाडी लावू का, न्हाणीघर-संडास वापरू का, पैसे देऊ. एकीनंही नाही म्हटलं नाही, फक्त विचारणारी बाई हवी. उघड्या माळावर किंवा किनाऱ्यावर रात्र काढू नका. आणि संडासाची सोय बघूनच गाडी थांबवायची, हा नियम पुरुषांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर आपण दिवसभर पाणी पीत नाही आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो.

दुसऱ्या दिवशी राजपुरीला जंजिरा. शिडाच्या होडीतून किल्ल्याच्या दारापर्यंत जायचं आणि हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकायचा. आत्याबाईंच्या गुडघ्यांना ते जमणारं नव्हतं, हे काठावरूनच दिसलं. अशा वेळी घरात कोण मागं थांबतं ते तुम्हाला सांगायला नको. मी पिशवी खाली ठेवलीसुद्धा होती. तेव्हा आत्याबाई ह्यांना म्हणाल्या, "तू बस माझ्यापाशी. तिला जाऊ दे." मग मी भावजींबरोबर गेले.

तो सिद्दीचा किल्ला. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज दोघांनीही प्रयत्न केले, पण हाती आला नाही. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. आपल्या औशाच्या किल्ल्याला खंदक खणावा लागला, इथं समुद्रच खंदक. तटावरून काठाकडे बघितलं तर आत्याबाईंचं हिरवं लुगडं ठिपक्याएवढं दिसत होतं. (खरं सांगायचं तर औशाचा किल्ला मी लग्नानंतर एकदाच बघितलाय, तोही हळदीकुंकवाला जाताना बाहेरून.)

संध्याकाळी आगरदांड्याला पहिली फेरीबोट. राजपुरीची खाडी ओलांडून पलीकडे दिघी. सपाट बोट, पुढचं दार खाली पडतं, त्यावरून गाड्या आत. गाडीच्या आकाराप्रमाणे भाडं, माणसांचं तिकीट वेगळं. गाडी बंद करून गिअरमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा, ते सांगतील तिथंच लावायची. कोकणात अशा फेऱ्या आता बऱ्याच आहेत: बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. दाभोळची २००३ साली सुरू झाली, त्याआधी गाडीनं गुहागरला जायचं तर चिपळूणवरून मोठा वळसा होता. भाचीसारखं आधीपासून जागा धरणं आम्हाला लागलं नाही, पण पहिली आणि शेवटची बोट किती वाजता हे आदल्या दिवशी फोन करून विचाराच. सलग सुट्टीला रांगही लागते.

आत्याबाई गाडीतून उतरायला तयार नव्हत्या. बोट हलली तशी त्यांनी माझा दंड धरला. "जमीन हालतीया," म्हणाल्या. मी काय बोलणार. जमीन हलणं काय असतं ते मी त्यांना सांगणार का? मी नुसती बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनी पडदा सरकवला, मग दार उघडलं, आणि दिघी जवळ आली तेव्हा त्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

आता आमची चूक. २५ तारखेला पौष पौर्णिमा. सकाळी दिवेआगरला ओहोटी होती, वाळू रस्त्यासारखी कडक. भावजींनी चहा करायला गाडी थेट वाळूत नेली. धपाटे खाऊन, गप्पा मारून होईतो अकरा वाजले आणि पाणी मागच्या चाकाला लागलं. चाकं फिरतील तेवढी रुतत गेली. गावातल्या दहा-बारा जणांनी दोर लावून गाडी ओढून काढली, आणि आम्हाला शहाणपणाचे चार शब्द ऐकवले, ते ऐकून घेण्यासारखेच होते.

त्यातल्या एका आजोबांनी सांगितलेला हिशोब लिहून ठेवा. तिथीला पाऊणनं गुणायचं, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. वेळ थोडी मागेपुढे होते, पण आपल्याला तेवढं पुरे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी फार वर चढतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी. चतुर्थ्या, एकादश्या धरणाऱ्या आम्ही, तिथी आमच्या तोंडपाठ, आणि गाडी बुडवायला निघालो! आणि हिशोब काहीही येवो, गाडी वाळूत नेऊच नका.

पुढं बागमांडल्याहून खाडी ओलांडून आंजर्ल्याला मुक्काम, मग हर्णै, दाभोळची फेरी आणि गुहागर. परत येताना चिपळूणवरून कुंभार्ली घाट, कऱ्हाड, पंढरपूर, सोलापूर, तुळजापूरला दर्शन आणि घर. गुहागरला आत्याबाई घोट्याएवढ्या पाण्यात तासभर उभ्या राहिल्या. मी लुगड्याचा काठ भिजतोय म्हणून ओरडले, तर माझ्याकडे बघितलं नाही. घरी आल्यावर त्या परत पत्र्याखालीच झोपल्या, ते काही बदललं नाही. ह्यांची आमटी शेवटच्या रात्री मात्र गुठळीविना झाली.

कागद अजून खिळ्याला आहे. हे म्हणतात, तो फक्त सहलीपुरता होता. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.

जाणार असाल तर होळीच्या आत जा, नंतर गाडीत झोपणं उकाड्यानं अशक्य होतं. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. गुडघेदुखीवाल्यांसाठी एक छोटं लाकडी स्टूल गाडीत ठेवा, चढायला-उतरायला त्याच्याएवढा उपयोग कशाचा झाला नाही. पुढच्या अंकात वाळवणाचं बघू, ज्वारीच्या पापड्या वाळताना चिरतात म्हणून बऱ्याच जणींनी लिहिलंय.