आपला म्हणून किती दिवस?



पुढची निवडणूक कधी ते आयोग सांगेल तेव्हा सांगेल. आपला उमेदवार मात्र आत्तापासूनच वस्तीत फिरायला लागलाय. गळ्यात निळा गमछा. म्हातारी दिसली की वाकून 'जय भीम, माय'. विहारात वंदनेला पहिल्या रांगेत. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. आरक्षण, खाजगीकरण, ॲट्रॉसिटीचा कायदा, शिष्यवृत्ती, कुठल्याही विषयावर उभा करा, तुमच्या-माझ्या मनातलंच बोलतो. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरं बोलतो.

हाच माणूस मागच्या खेपेला माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत कचेरीत गेला आणि फॉर्म मागं घेऊन आला. पोरं तिकडं भिंतीवर त्याची पोस्टरं चिकटवत होती, हातावरची खळ वाळली नव्हती. त्यांना संध्याकाळी कळलं. 'समाजाच्या व्यापक हितासाठी माघार घेतली' म्हणाला. ते व्यापक हित महिन्याभरात चार चाकं लावून त्याच्या दारात उभं राहिलं.

आणि दुसरा आहे तो एका मोठ्या पक्षाचा. निवृत्त प्राध्यापक. पैशाला शिवलेला नाही, हे त्याचे दुश्मनही कबूल करतात. वस्तीत येतो, कुणाच्याही घरचं पाणी पितो, आणि तोंडावर सांगतो की आरक्षण जातीवर नको, आर्थिक निकषावर हवं. ॲट्रॉसिटीच्या कायद्याचा गैरवापर फार होतो असंही सांगतो. मतं जातील म्हणून शब्द फिरवत नाही. खोटं बोलत नाही.

आमच्या नाक्यावर रोज रात्री यावरून भांडण. एक म्हणतो, चोर असला तरी आपला आहे. दुसरा म्हणतो, अरे निदान हा खरं तरी बोलतो, त्याचं काय करायचं ते आपल्याला ठरवता येतं. दोघंही शिकलेली पोरं. एक बँकेत कंत्राटावर, दुसरा दिवसभर मोटारसायकलवरून लोकांची जेवणं पोचवतो. दोघांच्या बोलण्यात दम आहे. म्हणून हा अग्रलेख.

आधी प्राध्यापकाचा हिशोब करू, तो सोपा आहे.

प्रामाणिक माणसाचा गुण हा की तो बोलतो ते करतो. ठीक. मग तो काय बोलतो ते नीट ऐका. आर्थिक निकष, आर्थिक निकष असा जप वर्षानुवर्षं चालला होता. २०१९ च्या जानेवारीत १०३ वी घटनादुरुस्ती आली. ८ तारखेला लोकसभेत ३२३ विरुद्ध ३ मतांनी मंजूर, ९ ला राज्यसभेत. दोन दिवसांत १० टक्के. आणि त्या १० टक्क्यांतून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी यांच्यातला गरीब कायद्यानंच बाहेर ठेवला. सुप्रीम कोर्टानं ७ नोव्हेंबर २०२२ ला ते तीन विरुद्ध दोन मतांनी कायम केलं. त्या ३२३ जणांत खिशाला हात न लावणारी, साध्या घरात राहणारी माणसंही असतीलच की. त्यांनी काही चोरून केलं नाही. उजेडात, हात वर करून केलं. आपला भूमिहीन मजुराचा पोरगा गरीब नाही, असं देशाच्या संसदेनं अत्यंत प्रामाणिकपणे ठरवलं.

तेव्हा प्राध्यापकाचा खरेपणा मी मानतो. तो मला एकच गोष्ट सांगतो, की हा माणूस निवडून आला तर माझ्याविरुद्ध मत द्यायला कचरणार नाही. अशा माणसाशी लढायला बरं पडतं, तो कुठं उभा आहे ते माहीत असतं. पण लढायला बरा म्हणून त्याला मत द्यायचं, हा कुठला न्याय? वर्तमानपत्रं 'स्वच्छ चारित्र्य' म्हणतात तेव्हा त्यांना पैशाची स्वच्छता म्हणायची असते. ज्याची तिजोरी कधी फुटलीच नाही अशा वर्गाला तेवढी पुरते.

आता आपल्या माणसाचा हिशोब. इथं मात्र घाम फुटतो.

'आपला' या शब्दाला किंमत कुठून आली ते आठवा. २४ सप्टेंबर १९३२, येरवडा. पुणे करारानं आपल्याला प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा दिल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ काढून घेतला. एक बारीकशी सोय ठेवली होती. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार जणांचं पॅनल निवडायचं, मग त्या चारांतला एक सगळ्यांनी मिळून निवडायचा. ती सोयसुद्धा दहा वर्षांपुरती. राज्यघटनेत ती आली नाही. तेव्हापासून जागा आपली, माणूस आपल्या जातीचा आणि निवडणारे मात्र दुसरे. १९८२ साली कराराला पन्नास वर्षं झाली तेव्हा कांशीराम यांनी 'चमचा युग' लिहिलं ते यावरच. हातात धरणारा दुसरा असला की चमचा आपल्याच ताटातला असून काय उपयोग?

या चमचेगिरीचा पहिला फटका कुणाला बसला? १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबई हा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक सर्वसाधारण, एक राखीव. राखीव जागेवर घटनेचा शिल्पकार उभा होता. समोर काँग्रेसचे नारायण काजरोळकर, तेही राखीव जागेचे, म्हणजे कागदावर आपलेच. काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. चौदा हजार पाचशे एकसष्ट मतांनी बाबासाहेब पडले.

पण माझं लक्ष काजरोळकरांवर नाही. त्याच मतदारसंघात कम्युनिस्टांचे डांगे उभे होते. प्रत्येक मतदाराला दोन मतं. ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. दुसरं मत बाबासाहेबांना पडू नये म्हणून ते कुजवा, असा प्रचार झाल्याचा आरोप होता. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका केली. बाद झालेल्या मतांचा त्यांनी दिलेला आकडा ७४,३३३. याचिकेनं निकाल बदलला नाही. शोषितांचं राज्य, जमीन कसणाऱ्याला, कामगाराला हक्क हे सगळे शब्द दोन्हीकडच्या जाहीरनाम्यात होते. गिरणीत आपला बाप आणि लाल बावटेवाला एकाच पाळीला जात होते (खात्यात मात्र नाही, विणकाम खातं आपल्याला बंद होतं, कारण धोटा तोंडानं ओढावा लागायचा). मूल्यं एक असून मत कुजतं कसं, हे आपल्या आज्या-आजोबांनी तेव्हाच पाहिलं.

दोन वर्षांनी, १९५४ ला, भंडाऱ्याची पोटनिवडणूक. पुन्हा दोन जागा, पुन्हा दोन मतं. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. कार्यकर्त्यांनी गणित मांडलं. आपल्या लोकांनी फक्त बाबासाहेबांना मत द्यावं, दुसरं कुजवावं, तर निवडून येण्याची शक्यता वाढते. मुंबईत हेच आपल्यावर उलटलं होतं, मग आपण का नाही? बाबासाहेबांनी साफ नकार दिला. मतं कुजवायची नाहीत, हरलो तरी चालेल. दोन्ही मतं द्या म्हणाले. लोकांनी ऐकलं. मेहता निवडून आले. बाबासाहेब पडले, आणि लोकसभेत ते कधीच निवडून गेले नाहीत.

हा प्रसंग सांगताना आपले वक्ते 'बाबासाहेबांचा मोठेपणा' म्हणतात आणि पुढं सरकतात. मला तो जरा वेगळा दिसतो. त्या दिवशी त्यांनी आपल्या माणसांना मत नावाची वस्तू कशी धरायची ते शिकवलं. मत कुजवून जिंकलेला आपला माणूस उद्या आपलंही मत कुजवील, हे त्यात आलंच.

आणि आज आपल्या मताचं नेमकं हेच होतंय. पेटीत पडायच्या आधीच ते कुजतं. फॉर्म मागं घेणारा आपला उमेदवार मत मागतच नाही मुळी. आपण त्याच्यामागं उभे आहोत, एवढंच तो पलीकडच्याला दाखवतो आणि त्या गर्दीचे पैसे घेतो. तुम्ही कुणालाही मत द्या, विक्री झालेली असते. झोपडपट्टीतली बाई पाचशेची नोट घेते म्हणून पेपरवाले गळे काढतात. तिनं घेतली तर एका मताचे घेतले, आणि आत जाऊन ती काय बटण दाबते ते तिलाच ठाऊक. यानं अख्ख्या वस्तीचे घेतले.

म्हणून पैसे खाणं आणि खोटं बोलणं यातही मी फरक करतो. सोवळे मित्र रागावतील, रागावू देत. मला एक जुना कार्यकर्ता माहीत आहे. बोर्डाच्या वर्गणीचा हिशोब त्यानं कधी धड दिला नाही. पण पोरं आत घेतली की रात्री दोनला ठाण्यात हाच. ॲट्रॉसिटीचं कलम लावून घेतल्याशिवाय उठायचा नाही, अधिकाऱ्यानं दम दिला तरी बसून राहायचा. वर्गणीबद्दल मी त्याला चारचौघांत फाडीन, पण त्यानं आम्हाला विकलं असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. गमछेवाल्याचा हिशोब कदाचित चोख असेल, आणि तरीही त्यानं आम्हाला विकलंय.

इथं नाक्यावरचा पहिला पोरगा म्हणतो, ठीक आहे रे, पण तो पडला तर विधानसभेत आपलं बोलणारं कोण?

हीच धमकी आहे. तो स्वतः देत नाही, आपल्या तोंडून देववतो. माझा पराभव म्हणजे समाजाचा पराभव, हे एकदा डोक्यात बसलं की त्याला हिशोब विचारायची कुणाची छाती होत नाही. १९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा जाब विचारणाऱ्या माणसांवर गोळीबार झाला, १० जण मेले. त्या रागातून ऐक्य झालं. १९९८ ला रिपब्लिकन पक्षाचे चार नेते लोकसभेत गेले, प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे. चारही खुल्या जागांवरून! मतदारानं आपलं काम केलं होतं. १९९९ ची निवडणूक येईपर्यंत ऐक्य शिल्लक नव्हतं. चौघांची मूल्यं वेगळी होती का? चौघांच्या भिंतीवर एकच फोटो होता.

हे आपल्यातच होतं असं नाही. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी दोन्ही प्रकरणांत निकाल दिले आणि एकही आमदार अपात्र झाला नाही. पण त्यांच्या मतदाराकडं कारखाने आहेत, बँका आहेत, सोसायट्या आहेत. नेता पळाला तरी ऊस तोडला जातो. आपल्याकडं पाच वर्षांतून एकदा येणारं ते बोटभर शाईचं काम, बस. ते कुजलं तर खाली काही नाही.

मग काय, नोटा? २०१३ पासून ते बटण आहे. लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी दुसरा क्रमांकवाला निवडून येतो. घरी बसून रागावल्यासारखं आहे ते. १९७४ च्या जानेवारीत मध्य दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीवर पँथरनी बहिष्कार टाकला, तो असा नव्हता. ५ तारखेच्या वरळीच्या सभेवरून दंगल पेटली, १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले. निवडून आल्या रोझा देशपांडे, डांग्यांच्या कन्या. बहिष्काराचीही किंमत रक्तात मोजलेली आहे, बटणाशी त्याची तुलना नको.

माझं मत सांगतो. प्राध्यापकाला मी देणार नाही. गमछेवाल्यालाही देणार नाही, तो जोवर मागच्या माघारीचा हिशोब वस्तीसमोर उभा राहून देत नाही तोवर. यादीत तिसरं, चौथं, सातवं नाव असतं, तिकडं बघायची आपल्याला सवय नाही. त्यात कुणी सरळ माणूस असेल, बाई असेल, तर तिला देईन. ती पडेल. पडू दे. 'पडणाऱ्याला मत म्हणजे वाया' असं ज्याला वाटतं त्यानं १९५२ चा आकडा पुन्हा वाचावा आणि ती १,२३,५७६ माणसं वाया गेली असं आपल्या आजीला सांगून बघावं.

आता कामाचं बोलू. पोस्टरं चिकटवायला बोलावणं येईल. जायच्या आधी आपल्या माणसाकडून चार गोष्टी लेखी मागा. मागच्या वेळी फॉर्म मागं घेताना कुणाला विचारलं? यावेळी घ्यायचा झाला तर वस्तीची सभा बोलावणार का? शपथपत्रातली मालमत्ता पाच वर्षांत किती वाढली आणि कशातून? वस्तीतल्या किती ॲट्रॉसिटीच्या केसेसमध्ये तो साक्षीदारांबरोबर कोर्टात गेला? शपथपत्र काही गुपित नाही. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळं ते प्रत्येक उमेदवाराला द्यावंच लागतं, कुणालाही बघता येतं. बघा, आणि बरोबर घेऊन जा.

उत्तर आलं तर एक अक्षर न बदलता पुढच्या अंकात छापू. नाही आलं तर त्याच्या नावाखाली तेवढी जागा कोरी सोडू.