सूर्य कर्जतला, नेपच्यून खोपोलीला

वाचकहो, मुलांच्या पाठ्यपुस्तकात सूर्यमालेचे चित्र असते. सूर्य आणि आठही ग्रह एकाच पानावर, चाळीतल्या खोल्यांसारखे शेजारी शेजारी. कागदच तेवढा, चित्रकार तरी काय करणार! पण त्यामुळे खऱ्या अंतराची कल्पना येत नाही. म्हणून या वेळी आम्ही ते चित्र कर्जत-खोपोली रेल्वेमार्गावर मांडत आहोत.

प्रकाश एका सेकंदात ३ लाख किलोमीटर जातो. ते अंतर आपण १ मीटर धरू. मग सूर्य म्हणजे कर्जत स्टेशनावर ठेवलेला साडेचार मीटरहून थोडा मोठा गोळा. तिथून ५०० मीटरवर आपली पृथ्वी, लिंबाएवढी. लिंबापासून सव्वा मीटरवर चंद्र, टपोऱ्या हरभऱ्याएवढा. माणूस स्वतः आजवर अवकाशात गेला आहे तो जेमतेम एवढाच दूर.

आता रुळाच्या कडेने चालू लागा. पळसधरीच्या अलीकडे, सुमारे अडीच किलोमीटरवर गुरू, मोठ्या रांजणाएवढा. पळसधरी सोडून केळवलीच्या वाटेवर शनी, पाण्याच्या माठाएवढा. डोलवलीच्या आसपास युरेनस. आणि थेट खोपोलीला नेपच्यून, सोललेल्या नारळाहून थोडा मोठा. कर्जत तालुका सोडून खालापूर तालुक्यात शिरलो तेव्हा कुठे शेवटचा ग्रह भेटला. मधली सगळी जागा जवळजवळ रिकामी.

या नकाशात प्रकाश सेकंदाला एक मीटर चालतो, म्हणजे डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईपेक्षाही सावकाश. त्याला कर्जतहून पृथ्वीपर्यंत सव्वाआठ मिनिटांहून थोडे जास्त लागतात आणि खोपोलीला सव्वाचार तासांच्या आसपास. आपली लोकल अर्ध्या तासाच्या आत पोहोचते, पण खऱ्या विश्वात प्रकाशाला मागे टाकणारी लोकल नाही!

शनीपाशी जरा थांबू. पृथ्वीच्या लिंबापासून चार-पाच किलोमीटरवरचा हा माठ आपल्या मुलीचे लग्न अडवतो, मुलाची नोकरी घालवतो, असे सांगून पैसे उकळले जातात. आपल्या वस्त्यांतूनही हल्ली गुपचूप पत्रिका दाखवल्या जातात. वह्या-पुस्तकांचे पैसे साडेसातीच्या शांतीला जातात, याचे आम्हाला वाईट वाटते. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली याची रीतसर परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या ४० देऊन विचारले, यातली हुशार मुले कोणती? २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. रुपया उडवून छापा-काटा केला असता तरी ५० टक्के आली असती.

आता खोपोलीच्या पुढे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा याच मापाने १ लाख ३० हजार किलोमीटरहून दूर आहे. म्हणजे सबंध पृथ्वीला तीन फेऱ्या मारूनही तो येत नाही. प्रकाश रात्रंदिवस चालला तरी सव्वाचार वर्षे लागतात. असे अब्जावधी तारे मिळून आपली आकाशगंगा, आणि अशा दीर्घिका पुन्हा अगणित. इथे आमचा रेल्वेमार्ग संपला.

या दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत. जी जितकी लांब तिचा वेग तितका जास्त, हे हबल यांनी १९२९ साली दाखवले. घरात इलॅस्टिकचा तुकडा असेल तर त्यावर पेनाने इंचाइंचावर ठिपके द्या आणि ताणून दुप्पट करा. पहिल्या ठिपक्यापासून शेजारचा एक इंच सरकला, चौथा मात्र तीन इंच. ठिपके स्वतः धावले नाहीत, मधले इलॅस्टिक ताणले गेले. विश्वाचेही तसेच. ही ताण उलटी मोजत गेले की सुमारे १३८० कोटी वर्षांमागे सगळे अतिशय दाट आणि तप्त होते, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. कोल्हापूरला जन्मलेल्या नारळीकरांना हा महास्फोट मान्य नव्हता. २०२५ साली ते गेले. जन्मभर त्यांनी जगाशी वाद घातला तो गणित मांडून, निरीक्षणे तपासून.

शेजारची देवयानी दीर्घिका मात्र गुरुत्वाकर्षणामुळे आपल्याकडेच येते आहे. दिवाळीनंतर चांदणे नसलेल्या रात्री आठ-नऊच्या सुमारास, गावच्या दिव्यांपासून दूर, उत्तरेकडे बरेच वर पाहा. धुरकट ठिपका दिसेल. तो प्रकाश तिथून निघाला त्याला २५ लाख वर्षे झाली.