टिळकांची भजने आणि त्यांचा वारसा

कल्याणाहून अंबरनाथ-बदलापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या काठी राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल की, मराठी ख्रिस्ती देवळांत पिढ्यानपिढ्या आवडीने म्हटल्या जाणाऱ्या भजनांचा कर्ता लहानपणी कल्याणासच शाळेत जात असे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ते हेच.

करजगावी 1861 साली ब्राह्मण कुळात जन्म. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत काव्याचे अध्ययन. पुढे आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने हाती दिलेला नवा करार. आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा. पत्नी लक्ष्मीबाईंशी कित्येक वर्षे ताटातूट झाली. ती हकीकत 'स्मृतिचित्रे'त बाईंनीच सांगितली आहे, आम्ही ती काय सांगावी!

त्या काळी मराठी मंडळ्यांत गाइली जात ती बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे, विलायती चालींवर बसविलेली. शब्द मराठी, पण जीव परका. टिळकांनी तेथे अभंग आणला, कीर्तनाचा रंग आणला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघड म्हणत. आणि तो पूल त्यांनी मागे जाळला नाही. त्यांचे एक पद निकोल मॅकनिकॉल यांनी इंग्रजीत नेले व ते इंग्रजी स्तोत्रसंग्रहांत जाऊन बसले. व्यापारी वाचकांनी ध्यानी घ्यावे: आयातीच्या बाजारात निर्यात झाली ती अशी.

"ज्याने धर्म सोडला, त्याच्या गाण्याशी आम्हांस काय कर्तव्य?" हा आक्षेप आम्ही जाणतो. त्यास कायद्याचेच उत्तर देतो. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडत नाही असे ठरविले. ज्याचे वडिलोपार्जित शेत हिरावता येत नव्हते, त्याचा तुकोबांवरील वारसा कोणत्या न्यायाने हिरावावा? शिवाय हा पुरुष कडवा देशाभिमानी होता. 1917 साली मिशनचे वेतन सोडून त्याने 'देवाचा दरबार' स्थापिला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंसाठी. 1919 साली तो वारला.

सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीस 1949 साली उल्हासनगर हे नाव मिळाले. झुलेलालाची त्यांची गीते आज आपल्या कानांस परकी वाटत नाहीत. मग आपल्याच भाषेतील अभंग, केवळ येशूचे नाव असल्यामुळे, परका कसा? टिळकांच्या फुलांवरील कविता शाळेत शिकविल्या गेल्या, भजने मात्र देवळाच्या भिंतीआड राहिली. ही निवड रसिकतेची नव्हे, भित्रेपणाची होय.

तिन्ही गावांच्या ग्रंथालयांनी 'अभंगांजलि' मागवावी, आणि ती धर्माच्या कपाटात न ठेवता काव्याच्या कपाटात, संतांच्या गाथांशेजारी ठेवावी. एखाद्या भजनी मंडळाने त्यातील एक अभंग टाळ-मृदंगावर म्हणून पाहण्याचे मनात आणल्यास आम्ही ऐकावयास अवश्य जाऊ.